आधी जुना पार्ट पालथा घाला, मग ऑर्डर टाका

गेल्या पावसाळ्यात मी लॅपटॉपचा ३,४५० रुपयांचा डिस्प्ले ऑनलाइन मागवला आणि तो परत करण्यात ८९७ रुपये ५० पैसे घालवले. विक्रेत्यानं फसवलं नव्हतं, चूक माझीच. हिशेब असा: डिस्प्ले ३,४५०, डिलिव्हरी १२०, म्हणजे दिले ३,५७०. परत करताना १५ टक्के 'रिस्टॉकिंग फी' (परत आलेला माल पुन्हा साठ्यात घेण्याचा आकार) कापली, ती ५१७ रुपये ५० पैसे. डिलिव्हरीचे १२० परत मिळत नाहीत, हे अटींत लिहिलेलंच होतं. आणि साताऱ्याहून माल परत पाठवायचा कुरिअर २६० रुपये, तोही माझ्याच खिशातून.

आता यातला विनोद. पोवई नाक्याजवळच्या दुरुस्तीवाल्यानं डिस्प्ले बसवून देण्याचे ४,२०० सांगितले होते. मी ६३० रुपये वाचवायला निघालो होतो.

त्यालाच नंतर जाऊन विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, मॉडेल नंबरावर पार्ट मागवायचा नसतोय. जुना काढायचा, पालथा घालायचा, मागं काय लिहिलंय ते वाचायचं." पुढचं सगळं त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. त्यानंतर घरातले, शेजारचे, नातेवाइकांचे मिळून बरेच लॅपटॉप उघडले. परत पाठवायची पाळी माझ्या चुकीमुळे पुन्हा आली नाही.

बिघाड नेमका कुठं आहे?

पार्ट मागवायच्या आधी तोच पार्ट गेलाय याची खात्री करा. स्क्रीन काळी पडली म्हणजे डिस्प्लेच गेला, असं नाही. एचडीएमआय वायरनं लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवरही चित्र वेडंवाकडं आलं, तर दोष ग्राफिक्सचा किंवा बोर्डाचा, आणि नवा डिस्प्ले आणून काही उपयोग नाही. टीव्हीवर नीट दिसलं तर लॅपटॉपचं झाकण सावकाश पुढंमागं करून बघा. त्या हालचालीबरोबर स्क्रीन लुकलुकत असेल, तर संशय आधी बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्यायचा. केबल डिस्प्लेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारल्यावर आत पुसट चित्र दिसलं, तर फक्त मागचा उजेड बंद पडलाय.

लॅपटॉपच्या बॅटरीसाठी विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक मोकळी जागा, मग स्लॅश लावून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर किती भरते, हे दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदला. ८० टक्क्यांच्या आसपास असेल, तर बॅटरी झपाट्यानं उतरण्याचं कारण दुसरीकडं शोधा.

आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका. कंपनीला फोन लावा.

उघडणे

एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या तीन-चार वेगवेगळे डिस्प्ले आणि दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या बसवून विकतात. कारखान्यात त्या महिन्यात जे उपलब्ध असेल ते बसतं. म्हणून झाकणावरचं नाव पार्ट शोधायला पुरत नाही. तळाच्या स्टिकरवर डेलचा 'सर्व्हिस टॅग' किंवा एचपी, लेनोवोचा सीरियल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की तुमच्याच मशीनमध्ये काय बसवलं होतं त्याची यादी निघते. एचपीची 'पार्टसर्फर' ही साइट खास याच कामाची आहे. सर्व्हिस मॅन्युअलही या कंपन्या फुकट देतात, त्यात कुठला स्क्रू आधी आणि कुठला नंतर हे चित्रांसकट असतं. पण ही यादी म्हणजे निम्मं काम. मशीन सेकंडहँड असेल किंवा आधी कुणी दुरुस्त केलं असेल, तर आत दुसरंच काहीतरी निघतं.

उघडताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, स्टीलच्या नळाला किंवा कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढा आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी खोचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला की तो आत टचपॅडला नाहीतर बोर्डालाच भिडतो. सगळे स्क्रू काढूनही तळ हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली एखाददुसरा दडलेला असतो. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. जुनं एटीएम कार्ड घाला. तळ निघाल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. ते झाल्याशिवाय आत कशालाही हात लावू नका.

मग फोटो. पार्टच्या मागच्या लेबलाचा, कनेक्टरचा, स्क्रूच्या जागांचा. लेबलाचा फोटो असा हवा की मोबाइलवर मोठा करून अक्षर न् अक्षर वाचता यावं.

डिस्प्ले: एक सेंटिमीटरचा फरक

माझा घोळ इथं झाला. माझी स्क्रीन १५.६ इंची. मागवलेलीही १५.६ इंची. कनेक्टर दोन्हींचा ३० पिनांचा. तरी ती बसेना.

'१५.६ इंच' हे माप फक्त चित्र दिसतं त्या भागाच्या कर्णाचं. बाहेरची धातूची चौकट किती रुंद, ते त्यातून कळत नाही. जुन्या धाटणीच्या पातळ १५.६ इंची डिस्प्लेची एकूण रुंदी साधारण ३६० मिलिमीटर असते आणि त्याला वर-खाली स्क्रूसाठी कान असतात. नव्या, बारीक कडांच्या लॅपटॉपमधल्या डिस्प्लेची रुंदी साधारण ३५० मिलिमीटर, त्याला कान नसतात, तो चिकटपट्टीवर बसतो. माझ्या लॅपटॉपला ३५० चा हवा होता, मी ३६० चा मागवला. वर्णनात खाली बारीक अक्षरांत '३६० मिमी' लिहिलेलं होतं. मी फोटो आणि किंमत पाहून बोट दाबलं होतं.

तेव्हा डिस्प्ले मागवताना मागच्या लेबलावरचा पॅनेल नंबर जसाच्या तसा शोधा, अगदी शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत. दुसऱ्या कंपनीचा पर्याय चालतो, पण मग रुंदी, कान आहेत की नाहीत, पिना ३० की ४०, कनेक्टर खाली उजवीकडं की डावीकडं, आणि रिझोल्यूशन, हे सगळं जुळवून बघायचं. साध्या १३६६ बाय ७६८ च्या जागी १९२० बाय १०८० चा डिस्प्ले टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. काही मशीनमध्ये तो नुसता लावून चालतो, काहींना केबलही बदलावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर आहे तोच प्रकार घ्या. टचस्क्रीन असेल, किंवा १२०-१४४ हर्ट्झचा गेमिंग लॅपटॉप असेल, तर बहुधा ४० पिना निघतील. ३० ची केबल तिथं लागणार नाही.

बॅटरी

बॅटरीवर चार गोष्टी वाचा: कोड (एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये 'एचटी०३एक्सएल' असतो, तशासारखा), व्होल्ट, वॉट-अवर आणि कनेक्टरची वायर कुठल्या कोपऱ्यातून निघते ते. ११.४ आणि ११.५५ व्होल्ट या दोन्ही तीन सेलच्याच बॅटऱ्या. कोड तोच असेल तर एवढ्या फरकानं घाबरायचं कारण नाही. ७.६ किंवा ७.७ मात्र दोन सेलची, तिला ११.४ च्या जागी लावायचा विचारही नको.

जाहिरातीतला खोटेपणा पकडायला एक गुणाकार पुरतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ११.५५ व्होल्टची ३,६३० एमएएचची (म्हणजे ३.६३ अँपिअर-अवरची) बॅटरी म्हणजे ११.५५ × ३.६३, जवळपास ४२ वॉट-अवर. तेवढ्याच आकाराची, तोच कोड असलेली बॅटरी कुणी '६,००० एमएएच' म्हणून विकत असेल, तर ते ६९ वॉट-अवर होतात. तेवढी वीज त्या डबीत मावत नाही. असा विक्रेता वर्णनात खोटं लिहितोय, मग रिटर्नच्या अटींत तरी खरं लिहील कशावरून?

लिथियम बॅटरी आणि लॅपटॉपचे चार्जर यांना भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कुठल्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. नंबरच नसेल, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर ती बॅटरी घरात नको.

जुनी बॅटरी फुगली असेल (टचपॅड वर आलाय, तळ टेबलावर डुगडुगतोय, ही त्याची लक्षणं) तर लॅपटॉप चार्जिंगला लावणं आजच बंद करा. टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

बाकीच्या पार्टांचं थोडक्यात. रॅमला डीडीआर३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात, एक दुसरीच्या जागी बसतच नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग आणि रॅम बसवायचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख दिलेली असू शकते, म्हणून आधी उघडून बघा. एसएसडीला लांबी (२२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर, २२८० म्हणजे ८०) आणि जोडणीचा प्रकार (एनव्हीएमई की साटा) पाहा. चार्जरचे व्होल्ट तेच हवेत, वॉट तेवढे किंवा जास्त. डेलच्या चार्जरमधल्या मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो, नकली असेल तर 'ओळखता येत नाही' म्हणतो आणि बॅटरी चार्जच करत नाही. कीबोर्ड मागवताना पॉवरचं बटण कीबोर्डातच आहे का, बटणांखालच्या उजेडासाठी केबलची दुसरी पट्टी आहे का, एंटरचं बटण आडवं की उभं, हे बघा. कीबोर्ड प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी वरच्या पत्र्याला जोडलेला असेल, तर मी स्वतः हात घालत नाही. दुकानात देतो.

ऑर्डरचं बटण दाबण्यापूर्वी

परत करायचा खर्च इथंच ठरतो, आणि अटींचं हे पान आपण सगळ्यात घाईत वाचतो. '७ दिवसांत रिप्लेसमेंट' याचा अर्थ पैसे परत असा होत नाही, तोच पार्ट पुन्हा मिळेल एवढाच होतो. तुमचीच निवड चुकली असेल, तर तोच चुकीचा डिस्प्ले दुसऱ्यांदा येणार. पैसे परत मिळणार का, रिस्टॉकिंग फी किती टक्के, परतीचा कुरिअर कुणाचा, हे शोधून वाचा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार परतीच्या वाहतुकीचा खर्च कुणाचा आणि किती, हे विक्रेत्यानं स्पष्ट दिसेल असं सांगायला हवं. कुठंच लिहिलं नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

विक्रेत्याला तुमच्या लेबलाचा फोटो पाठवून साइटवरच्याच चॅटमध्ये विचारा: "हाच नंबर आहे का, या मशीनला बसेल का?" त्यानं 'हो' लिहिलं, तर पुढं पार्ट न बसल्यास ती चूक त्याची ठरते. फोनवरच्या होकाराला तेवढी किंमत नाही. ऑर्डर टाकली त्या दिवशीच्या वर्णनाचा, अटींचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. वर्णन नंतर बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पिनकोडही बघा. माल पोचवणारे गावोगाव जातात, परत न्यायला मात्र सगळीकडं येत नाहीत. घर तालुक्याच्या गावाबाहेर असेल, तर पत्ता साताऱ्यातल्या पाहुण्यांचा किंवा ऑफिसचा द्या. परदेशी साइटवरून मागवायचं तर दारात कस्टम ड्यूटी भरावी लागते आणि परत पाठवायचा खर्च कधी कधी पार्टच्या किमतीवर जातो. जुन्या मशीनचा दुर्मिळ पार्ट असेल तरच त्या वाटेला जा.

आणि दोन्हीकडचे भाव मांडा. दुकानदार बसवून देतो, चालू करून दाखवतो, नाही बसला तर त्याचा तो बदलतो. फरक पाच-सहाशेच्या आत असेल तर मी आता सरळ नाक्यावर जातो.

खोकं आल्यावर

फोडायच्या आधी व्हिडिओ सुरू करा. खोक्याच्या सहाही बाजू, कुरिअरचं लेबल, त्यावरचा नंबर वाचता येईल असा, मग फोडणं, मग पार्टच्या मागचं लेबल. सगळं एका दमात, मध्ये कट नको. घरातल्या कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा.

डिस्प्लेवरची संरक्षक फिल्म काढू नका. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींत फिल्म निघाली की रिटर्न बंद होतं. चिकटपट्टीचा कागदही तसाच राहू द्या. बॅटरी सोडवलेल्या अवस्थेत कनेक्टर जोडा, डिस्प्ले नुसता टेकवून ठेवा, बॅटरी लावा आणि चालू करा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण स्क्रीनभर रंग आणून मेलेले ठिपके शोधा. एखादा तास चालू द्या. सगळं पसंत पडल्यावरच फिल्म काढायची आणि चिकटवायचं. जुना पार्ट आणि सगळं पॅकिंग रिटर्नची मुदत संपेपर्यंत जपा.

परत करताना कारण कोणतं निवडायचं

रिटर्नच्या पानावर कारणांची यादी येते. 'आता नको', 'चुकून मागवला' हे निवडलं की फी आणि कुरिअर तुमच्यावर. 'वर्णनाप्रमाणे नाही', 'दुसरीच वस्तू आली', 'खराब निघाली' निवडलं की भार विक्रेत्यावर. म्हणून खरं कारण नीट शोधून निवडा, घाईत पहिल्यावर बोट ठेवू नका. उलट, स्वतःची चूक विक्रेत्याच्या माथी मारू नका. तो फोटो मागतो, तपासतो आणि दावा फेटाळतो. मी माझ्या डिस्प्लेला 'चुकून मागवला' हेच निवडलं होतं.

कायदाही हाच भेद करतो. सदोष, नकली, वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं २०२० चे नियम सांगतात. पण तुम्हीच चुकीची वस्तू मागवली, तर ती फुकट परत घ्यावी असं बंधन नाही. तिथं विक्रेत्याच्या अटी चालतात.

मेढ्याकडच्या एका वाडीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा अनुभव यात बसतो. त्यानं तीन सेलची बॅटरी मागवली, आली दोन सेलची. विक्रेत्यानं चॅटमध्ये 'बसेल' असं लिहून दिलेलं. रिटर्न टाकल्यावर उत्तर आलं की तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही, स्वतः पाठवा, कुरिअरचे जास्तीत जास्त १०० रुपये देऊ, आणि १० टक्के फी कापू. तो एसटीनं बॅटरी घेऊन साताऱ्यात आला. कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय आहे? बॅटरी म्हटल्यावर त्यानं खोकं परत सरकवलं. त्याचंही चूक नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६ पासून बंदी आहे, म्हणून अशी पार्सलं सगळे घेत नाहीत. 'मोबाइलचं कव्हर आहे' असं सांगून पाठवायचा सल्लाही एकानं दिला. तो ऐकायचा नाही. वाटेत पेटली तर जबाबदार तुम्ही.

आम्ही साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं सक्तीचं आहे, पानाच्या अगदी तळाशी सापडतं. मजकूर एवढाच:

"ऑर्डर क्रमांक अमुक. ११.५५ व्होल्टची बॅटरी मागवली, ७.७ व्होल्टची आली. विक्रेत्याचा लेखी होकार, लेबलाचा फोटो आणि खोकं फोडतानाचा व्हिडिओ जोडला आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यानं कोणतीही फी आम्हाला मान्य नाही. लिथियम बॅटरी असल्यानं आम्ही ती कुरिअरनं पाठवू शकत नाही. साताऱ्यातील पुढील पत्त्यावरून उचलण्याची व्यवस्था आपण करावी आणि पूर्ण रक्कम परत करावी."

नियमानुसार या अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथं दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. ती निकाल देत नाही, पण कंपनीकडं पाठपुरावा करते, आणि लहान रकमांची बरीच भांडणं तिथंच मिटतात. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आठशे-नऊशे रुपयांसाठी मी आयोगापर्यंत जाणार नाही. पाच-सात हजारांचा बोर्ड असेल तर जाईन.

मावसभावाला पोच दुसऱ्या दिवशी आली, पूर्ण पैसे सोळाव्या दिवशी. बॅटरी न्यायला अजून कुणी आलेलं नाही. मूळ खोक्यात घालून, टोकांना चिकटपट्टी लावून, ती माझ्या करंज्यातल्या घरी माळ्यावर उन्हापासून लांब ठेवली आहे. खोक्यावर मार्करनं ऑर्डर नंबर आणि 'हात लावू नये' असं लिहिलंय.